सरकी राहू दे

"औरतों वाला."

हे दोन शब्द माझ्या तोंडून गेले त्याला सव्वा महिना झाला. घरी आले, पायाचे फोड सुकले, करंगळीचं काळं पडलेलं नख गळून खालून नवं यायला लागलं, पण ते दोन शब्द काही मनातून जात नाहीत. तिसऱ्या दिवसाची दुपार होती. जाम दरवाज्याचा घाट उतरून आम्ही चौघी निमाडात आलो होतो. रस्त्याला लागून कापसाचं शेत होतं आणि सात-आठ बाया कंबरेला ओढणीची झोळी बांधून वेचणी करत होत्या. आम्हाला पाहून त्यांच्यातली एक, आमच्याच वयाची असेल, बांधावर आली. "नर्मदे हर!" म्हणाली. देवउठनी एकादशीनंतर या भागात पायी चालणारी बाई म्हणजे परकम्मावासीच, हे तिनं गृहीत धरलं होतं. मडक्यातलं पाणी दिलं, झाडाच्या सावलीत बसवलं आणि मग विचारलं, कुठून निघालात, किती दिवस झाले. मी सांगितलं, बाई, आम्ही परिक्रमेला नाही निघालो, इंदूरहून महेश्वरला चाललोय, कॅन्सरच्या पेशंटांसाठी पैसे जमवतोय. कॅन्सर हा शब्द तिला ठाऊक होता, तो आता सगळ्यांनाच ठाऊक असतो. तिनं सरळ विचारलं, "कहाँ का?" आणि मी, छातीवर गुलाबी फीत टाचलेली मी, साठएक किलोमीटर तुडवून आलेली मी, शेताकडे बघत म्हणाले, "औरतों वाला."

ती "हूँ" म्हणाली आणि झोळी सारखी करायला लागली.

या चालण्याची सुरुवात इथली नाही. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी सॅन दिएगोला असते. तिकडे ब्रेस्ट कॅन्सरसाठी तीन दिवसांत साठ मैल चालण्याचा उपक्रम असतो. प्रत्येकीनं किमान २,३०० डॉलर उभे करायचे, दिवसा चालायचं आणि रात्री गुलाबी तंबूंत झोपायचं. मुलीनं व्हिडिओवर ते तंबू दाखवले तेव्हा आम्ही मैत्रिणीच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो. त्या मुलीनंच सांगितलं की ही सगळी चळवळ एका बहिणीच्या शब्दापायी उभी राहिली. सुझन कोमेन १९८० मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली आणि धाकट्या बहिणीनं, नॅन्सी ब्रिंकरनं, तिला दिलेल्या वचनाखातर १९८२ मध्ये संस्था सुरू केली. मुलगी म्हणाली, मावशी, त्या काळी इथेसुद्धा हा शब्द चारचौघांत उच्चारत नसत. १९७४ साली बेटी फोर्ड, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची बायको, तिचं ऑपरेशन झालं आणि तिनं ते लपवलं नाही, तेव्हा कुठे बायका तपासून घ्यायला पुढे आल्या. मला त्या दिवशी ते ऐकून बरं वाटलं होतं. म्हणजे लाज ही काही आपलीच मिरास नाही, असं.

मग आम्हीही ठरवलं. आम्ही म्हणजे मी, ही मैत्रीण, अक्का आणि वहिनी. अक्का सदुसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना गल्लीतले सगळेच अक्का म्हणतात. वहिनी माझ्या सख्ख्या नात्यातल्या नव्हेत, रामबागेतल्या जुन्या वाड्यात आमच्या समोरच्या बिऱ्हाडात त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासूनच्या वहिनी. माहेर सनावदचं. पाच वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू काढली, मग केमो, मग पंचवीस दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. शेकाच्या त्या दिवसांत त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर जे पाहिलं ते त्या विसरायला तयार नव्हत्या. खरगोन, बडवानीकडच्या बायका. शेक मिळायचा पाच मिनिटांचा, पण सोमवार ते शुक्रवार रोज, तीन-चार-पाच आठवडे. रोज बसनं येणं परवडत नाही आणि इंदुरात राहायला कोणी नाही. काही जणी दहा दिवस येतात आणि अकराव्या दिवशी बाक रिकामा असतो. वहिनींचं म्हणणं एवढंच होतं की त्या बाकासाठी पैसे जमवायचे. खोलीचं भाडं, बसचं तिकीट, दोन वेळचं जेवण.

पैसे मागायला निघालो तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं. अक्कांनी वही आखली होती: नाव, किलोमीटरमागे किती रुपये, आणि तिसरा रकाना "कशासाठी". तिसऱ्या रकान्यात काय काय आलं! कुणी लिहिलं "महिला आरोग्य", कुणी "स्त्रियांच्या आजारासाठी", कुणी नुसतंच "सत्कार्य". एका काकांनी पाच हजार रुपये दिले आणि माझं नाव त्या शब्दाच्या शेजारी नको म्हणाले. मी स्वतः दारोदार "ब्रेस्ट कॅन्सर" म्हणत होते आणि मनातून मला फार मोकळं वाटत होतं, आपण बघा कसं स्पष्ट बोलतो. अडखळले नाही कुठेच. कापसाच्या बांधावर कळलं की ते मोकळेपण त्या इंग्रजी शब्दाचं होतं. तो शब्द म्हणजे माझा पदर होता, तो घट्ट लपेटून मी हिंडत होते. समोरच्या बाईला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर तो गळून पडला आणि माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता. "स्तन" हा तर पुस्तकातला, तो मी आयुष्यात मोठ्यानं किती वेळा म्हटला असेन? दोनदा, तीनदा. आपली भाषा छातीभोवती किती घुटमळते पाहा. छाती ठोकून सांगतो, उराशी धरतो, ऊर भरून येतो, ऊर बडवून घेतो. आणि बाळाला पाजायची वेळ आली की म्हणतो "अंगावर पाजते". अंगावरचं दूध. अवघं अंग सांगतो, ती एवढीशी जागा सांगत नाही.

माझी आत्या "छातीच्या दुखण्यानं" गेली.

घरात हेच म्हणत असत. ऐकणाऱ्याला वाटायचं हृदयाचं असेल आणि आम्ही तसं वाटू द्यायचो. आत्या रामबागेतल्या वाड्याच्या ओसरीवर खांबाला टेकून वाती वळत बसायची. कापूस पिंजायचा, बोटाला दूध लावायचं, मांडीवर नाही तर तळहातावर वळायचं. एक लाख वातींचा तिचा नेम होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन, शंभराच्या जुड्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. एका पावसाळ्यात तिच्या अंगाला आंबेहळदीचा वास यायला लागला. मग दाराशी बसायची ती आतल्या खोलीत बसू लागली, माझी वेणी घालताना तिचा उजवा हात वर जाईना, आणि एकदा मी मागून गळ्यात पडले तर एवढी किंचाळली की मी आठवडाभर तिच्याजवळ गेले नाही. तिनं वर्षभर लेप लावले होते. गाठ दुखत नव्हती म्हणून सुरुवातीला सांगितलं नाही, आणि दुखायला लागली तेव्हा इतके दिवस का नाही सांगितलं म्हणतील म्हणून सांगितलं नाही. आंबेहळदीच्या वासानं जेव्हा दुसरा वास झाकेना तेव्हा आईला कळलं. मुंबईला नेलं, टाटात दाखवलं, आणि बाबा तिला घेऊन आठ दिवसांत परत आले. शेवटच्या वाती आईनं पूर्ण केल्या. किती राहिल्या होत्या ते मला माहीत आहे, कारण मोजणारी मीच होते. अकरा हजार चारशे.

आत्याबद्दल मी या चौघींत कधी बोलले नव्हते. वहिनींना वाड्यामुळे थोडंफार माहीत होतं.

डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचला राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याला नमस्कार करून निघालो. महू नाका, राजेंद्रनगर, राऊ. राऊला पोहे खाल्ले. वर जिरावण आणि शेव, हातात गरम प्लेट, तोंडातून वाफ. पहिल्या दिवशी महूपर्यंतचे तेवीस किलोमीटर गप्पांतच गेले. मागून भाचा गाडी घेऊन येत होता, गाडीत पाणी, आयोडेक्स, गादीवरच्या चादरी. दुसऱ्या दिवशी गप्पा संपल्या. महू सोडल्यावर दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मध्येच लसणाचा वास, आणि आपल्याच बुटांचा आवाज. माझ्या टाचेला फोड आला, अक्कांच्या गुडघ्यानं बोलायला सुरुवात केली. वहिनींचा डावा हात सुजतो. काखेतल्या गाठी काढल्यामुळे हातात पाणी साठतं, त्या हाताला ओझं चालत नाही, सुई चालत नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. चालताना हात नुसता लोंबकळला तरी दुपारपर्यंत बांगडी रुतायला लागते. म्हणून त्या हात वर धरून, मूठ उघडत मिटत चालत होत्या. मागून पाहिलं की वाटायचं कुणाला तरी थांब, थांब म्हणताहेत.

त्या दिवशी मला एक प्रश्न फार छळत होता. वारीला आपण जातो तेव्हा चालणं हेच देणं असतं. इथे मी माझ्या पावलाला दर लावला होता. माझ्या टाचेच्या फोडानं बडवानीच्या बाईचं काय भलं होणार? ज्यांनी पैसे दिले त्यांनी ते तसेच द्यायला काय हरकत होती? मी हे अक्कांना विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, तसेच मागितले असतेस तर दिले नसते. आणि तसेच दिले असते तर तू त्यांना विसरली असतीस." मला ते पुरतं पटलं नाही. अजूनही नाही. पण चालताना एक झालं. प्रत्येक किलोमीटरला कुणाचं तरी नाव होतं. अक्का वही काढून वाचायच्या, हा किलोमीटर पिठाच्या गिरणीवाल्याचा, हा भाजीवालीचा, दोन रुपयांप्रमाणे. भाजीवालीचा किलोमीटर चालताना मी एकदाही बसले नाही.

अक्कांनी वाटेवर आणखी एक गोष्ट सांगितली. गणिताच्या बाई असल्यानं त्या आकडे पाठ करून आल्या होत्या. २०२२ च्या एका वर्षात आपल्या देशात या आजाराच्या १ लाख ९२ हजारांच्या आसपास नव्या रुग्ण, हा जागतिक संस्थेचा अंदाज. बायकांच्या कॅन्सरांत हाच पहिला. पण त्यांचा जीव अडकला होता तो मुंबईच्या एका अभ्यासात. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ साली झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखावर बायका घेऊन तो सुरू केला. निम्म्यांना दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका हातानं तपासायच्या. महागडं यंत्र नाही, फोटो नाही, फक्त हात. वीस वर्षं त्या बायकांचा माग ठेवला आणि २०२१ मध्ये निकाल छापून आला. ज्यांना तपासलं त्यांचा आजार लवकरच्या पायरीवर सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. सर्व वयांचा एकत्र हिशेब धरला तर फरक तेवढा ठाम नव्हता, हेही अक्कांनी सांगितलं. अर्धा आकडा सांगणं त्यांना जमत नाही. मग आपला सुरकुतलेला हात त्यांनी उन्हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. मी आत्याचा विचार करत होते. वर्षभर त्या ओसरीवर तिच्या शेजारी किती हात होते. माझेच दोन होते, वाती मोजणारे.

जाम दरवाजा तिसऱ्या दिवशी सकाळी. १७९१ चा, अहिल्याबाईंनी बांधवलेला. कमानीखालून पलीकडे गेलं की माळवा एकदम संपतो आणि खाली निमाड पसरलेला दिसतो, धुक्यात निळा निळा. थंडी होती, दगड गार होते, त्या दगडाला पाठ लावून आम्ही दशम्या खाल्ल्या. उतरताना खरी परीक्षा. चढाला दम लागतो, पण उताराला अंगठे बुटाच्या टोकावर आपटत राहतात, मांड्या थरथरतात. खाली आलो तेव्हा हवा बदललेली, अंगातले स्वेटर कंबरेला आलेले. आणि मग ते कापसाचं शेत, ते मडकं, आणि ते माझं उत्तर.

मी "औरतों वाला" म्हटल्यावर जी शांतता पडली ती फार तर चार श्वासांची असेल. वहिनी पलीकडे बसून पाणी पीत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि उजवा हात डाव्या बाजूवर, जिथे काही नाही तिथे ठेवून म्हणाल्या, "थान का, बाई. मेरा ये वाला निकाल दिया."

थान. गाईम्हशीला असतं ते, आईला असतं ते. सनावदच्या अंगणातला शब्द. तो ऐकताच त्या बाईचा चेहरा उघडला. ती वहिनींच्या समोर उकिडवी बसली. बाकीच्या दोघी-तिघीही वेचणी सोडून आल्या. तिनं विचारलं, दुखत होतं का. वहिनी म्हणाल्या, "नहीं दुखता था. इसीलिए तो देर हुई." अंघोळीच्या वेळी हाताला लागलं, हरभऱ्याएवढं, दाबलं तरी हलेना. दोन महिने दुखायची वाट पाहिली. बायका ऐकत होत्या, एकीचा हात नकळत आपल्या पोलक्याकडे गेला आणि थांबला. वहिनींनी आपल्या बोटांची पेरं जुळवून दाखवलं, असं, चिमटीत नाही धरायचं, बोटं सपाट ठेवून गोल फिरवायची, काखेपर्यंत. आणि काही वेगळं लागलं तर वाट बघायची नाही, सरळ डॉक्टरकडे. मला वाटलं आता त्या बायका मरणाबिरणाचं विचारतील. पण त्या पहिल्या बाईनं विचारलं ते मला कधी सुचलंच नसतं.

"फिर ब्लाउज कैसे सिलवाती हो?"

पाच वर्षं मी वहिनींच्या घरी जातेय, डबे नेलेत, केमोच्या वेळी डोक्यावरून हात फिरवलाय. हा प्रश्न मी विचारला नाही. वहिनी हसल्या, खूप दिवसांनी मी त्यांना तशा हसताना पाहिलं. दुकानात मिळतं ते सिलिकॉनचं, हजारोंच्या घरात, शिवाय उन्हाळ्यात घाम येतो. मग त्यांनी स्वतःच शिवलं. मऊ जुन्या पातळाची पिशवी, आत कापूस. पण नुसता कापूस हलका, पोलकं एका बाजूला वर सरकतं, खांदा वाकडा होतो. म्हणून आत मोहरीची पुरचुंडी. "वजन चाहिए ना," त्या म्हणाल्या. त्या बाईनं मान डोलावली, एखादं कामाचं गणित सुटल्यासारखी. मग तिनं कंबरेची झोळी सैल केली, दोन्ही हात आत घातले आणि ओंजळभर कापूस काढून वहिनींच्या पदरात टाकला. तिच्या बोटांना वाळलेल्या बोंडांची टोकं लागून लागून बारीक काळे ओरखडे पडलेले होते. पैसे द्यायला मी पर्स उघडत होते, वहिनींनी डोळ्यांनीच नको म्हटलं. त्या कापसाचं तिला किलोवर मोल मिळणार होतं, तरी ती ओंजळ तिनं दिली होती.

आम्ही उठलो तेव्हा ती परत "नर्मदे हर" म्हणाली. यावेळी मी नीट उत्तर दिलं.

मंडलेश्वरला मुक्काम केला आणि चौथ्या दिवशी सकाळी महेश्वर. शेवटचे आठ-दहा किलोमीटर मला आठवत नाहीत. घाटाच्या पायऱ्या उतरलो आणि चौघींनी बूट काढून पाय नर्मदेत सोडले एवढं आठवतं. पाणी इतकं गार होतं की फोड क्षणभर जळजळले आणि मग बधिर झाले. वरून कुठून तरी मागाची खटखट ऐकू येत होती. अक्कांनी तिथेच पायरीवर वही उघडून बेरीज केली, १,८६,४०० रुपये, दोनदा तपासली. कितीजणींचा शेक पुरा होईल याचा हिशेब त्यांनी मांडला आणि मला दाखवला. मी सांगत नाही, कारण तो आकडा पाहून मला आनंद आणि लाज एकदमच वाटली होती. मैत्रिणीनं लेकीला व्हिडिओ लावला. लेक म्हणाली, मावशी, सगळं नीट झालं ना? मी हो म्हणाले. शेताचं सांगितलं नाही.

परवा संक्रांतीचा तिळगूळ द्यायला वहिनींकडे गेले. त्या खिडकीपाशी उन्हात बसल्या होत्या, मांडीवर जुन्या इंदुरी पातळाचा तुकडा, शेजारी पुडक्यात तो कापूस. शेतातला असल्यामुळे त्यात सरकी होती, पाचोळ्याचे कण होते. मी जवळ बसले, सवयीनं एक पुंजका हातात घेतला आणि बोटांनी सरकी सोडवायला लागले. आत्यानं शिकवलं होतं तसंच, अंगठ्यानं ढकलून. दोन-तीन बिया बाजूला पडल्या. वहिनींनी चष्म्यावरून पाहिलं.

"अगं, सरकी राहू दे," त्या म्हणाल्या. "मोहरी घालायला नको मग."

मी त्या दोन-तीन बिया उचलून परत कापसात दाबल्या. वहिनींनी पिशवीचं तोंड माझ्यापुढे धरलं आणि मी भरत गेले.